पोरं मदतीला आली, पण त्यांची ताई कोण?

(महासंघाच्या सभेत मुंबईच्या काळाचौकी भागातील महिला संस्थेच्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. ज्या गटांना सभेला येता आले नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



बचत, कर्ज, परतफेड यावर मी तुम्हाला काही शिकवायला आलेले नाही. त्यात तुम्हीच तयार आहात. मी बोलणार आहे कॉलेजच्या मुलामुलींबद्दल. कुणी त्यांना इंटर्न म्हणतं, कुणी स्वयंसेवक. एनएसएसची शिबिरं तर १९६९ पासून गावोगाव होतात. आता २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासात अशा कामाचे गुणही धरले जातात. म्हणजे आज ना उद्या तुमच्या ग्रामसंघाला कॉलेजचं पत्र येणार, ‘आमची चार मुलं महिनाभर पाठवू का?’

हो म्हणायच्या आधी एक लक्षात घ्या. ही मदत फुकट नसते. पगार द्यावा लागत नाही, पण आपल्यातल्या एका बाईचा वेळ द्यावा लागतो. तो द्यायची तयारी नसेल, तर हात जोडून ‘यंदा नको’ म्हणावं. त्यात कमीपणा नाही.

आमचा भाग गिरणगावातला. गिरण्या चालू होत्या तेव्हा घरोघरी बायका खाणावळी चालवायच्या, कामगारांना महिन्याच्या हिशेबावर जेवू घालायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आता विचार करा, खाणावळीत मदतीला नवी मुलगी आली, तर पहिल्याच दिवशी तिच्या हातात आमटीचं पातेलं देतो का आपण? आधी भाजी निवडायला बसवतो. शेजारी बसून तिचा हात बघतो. मग हळूहळू चुलीपाशी येऊ देतो. पण तीच मुलगी कॉलेजातून आली, इंग्रजी बोलली, हातात लॅपटॉप असला, की आपण दबतो. ‘तिला सगळं येत असेल’ म्हणून गटाचं दप्तर तिच्यापुढे ठेवतो. तिला संगणक येतो, पण तुमचं गाव तिला ठाऊक नाही. ते शिकायलाच तर ती आलेली असते.

यातून काय बिघडतं, ते आमच्या वस्तीतलं सांगते. चाळीच्या गॅलरीत उभी राहून मुलगी फॉर्म भरते आणि विचारते, ‘काकू, घरात महिन्याला किती येतात? कर्ज किती आहे?’ शेजारच्या दोन खोल्यांची दारं उघडी असतात. ती बाई खरं कसं सांगेल? फॉर्म भरतो, पण खोटा भरतो. त्याहून मोठं नुकसान शब्दाचं होतं. मुलगी मनानं चांगली असते, समोरचीचं दुःख बघून बोलून जाते, ‘काळजी करू नका, तुमचं काम होईल.’ मग परीक्षा येते आणि ती निघून जाते. बाई मात्र चपला झिजवत ऑफिसात येते, ‘त्या ताईनं सांगितलं होतं.’ तो शब्द शेवटी संस्थेच्या नावावर चढतो. तुमच्याकडे तो गटाच्या नावावर चढेल. गटातली बाई आपली अडचण उघड करते ती विश्वासावर. बँकेचं कर्ज परत मिळतं, गेलेला विश्वास परत मिळत नाही.

म्हणून प्रश्न एकच. पोरं आली, पण त्यांची ताई कोण? ‘आम्ही सगळ्या आहोत’ हे उत्तर चालत नाही. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. एका मुलीमागे एक बाई ठरवा आणि तिचं नाव ठराव करून इतिवृत्तात लिहा. ती अध्यक्षच असावी असं नाही. जिला वेळ आहे, जी शांतपणे समजावते आणि गरज पडली तर ‘हे चुकलं’ असं तोंडावर सांगू शकते, ती निवडा.

या कामाची जुनी रीत आहे. समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था १९३६ साली आमच्या जवळच, नागपाड्यात सुरू झाली. तीच आजची देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. समाजकार्याच्या शिक्षणात मुलं वर्गात शिकतातच, शिवाय वस्तीत जाऊन काम करतात, केलेलं लिहून काढतात आणि अनुभवी माणूस ठरल्या वेळी त्यांच्यासोबत बसून ते वाचतो. आपल्याला एवढंच करायचं आहे.

पहिल्या दिवशी काम ठरवून द्या. एकच द्या, पण संपेल असं द्या. ‘गटांना मदत कर’ हे काम झालं नाही. ‘या पाच गटांच्या लोणची-पापडाचा खर्च आणि विक्रीभाव मांडून दे’ हे काम झालं. पहिला आठवडा तिनं नुसतं बैठकीला बसावं, ऐकावं. कुणाच्या घरी जायचं तर सोबत गटातली बाई असावी.

रोज संध्याकाळी तिनं वहीत लिहावं. कुठे गेले, कुणाशी बोलले, काय कळलं नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास तिच्या ताईनं ती वही घेऊन बसावं. ताईला वाचायला जड जात असेल, तर मुलीनं वाचून दाखवावं. नियमित बैठक आणि नोंदी आपल्या पंचसूत्रीत आहेतच. तेच सूत्र इथे लावायचं.

चार गोष्टी आधीच बजावून ठेवा. कर्जाचं, योजनेचं आश्वासन द्यायचं नाही. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आधार, पासबुक, कर्जाची नोंद यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायचे नाहीत. पैशाला हात लावायचा नाही, ना भरायला, ना आणायला.

आणि दुसरी बाजूही बघा. ती कुणाची तरी लेक आहे, आपल्या भरवशावर गावात आली आहे. तिला दिवसभर झेरॉक्स काढायला, चहा आणायला पाठवायचं नाही. ती कुठे राहते, शेवटची एसटी किती वाजता आहे, बाथरूमची सोय काय, हे तिच्या ताईला ठाऊक पाहिजे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी स्वयंसेवकालाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती असावीच लागते. जिथे ती नाही, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. ऐकायला अवघड वाटतं, पण सांगितलं की ती निर्धास्त होते.

जाताना तिच्याकडून वही, कागद, फाइली मोजून घ्या. तिनं काय केलं ते तिनं बैठकीत बायकांसमोर मराठीत सांगावं. ज्यांची माहिती घेतली त्यांना तिचं काय झालं हे कळायलाच हवं. मग प्रमाणपत्र द्या, आणि त्यात जे केलं तेवढंच लिहा.

तुमच्यातल्या कितीतरी जणी म्हणतील, ‘आम्ही सातवी शिकलेल्या, कॉलेजच्या मुलीला काय सांगणार?’ बायांनो, परतफेड थकलेल्या घरी जाऊन भांडण न करता हप्ता कसा मागायचा, हे कुठल्या पुस्तकात आहे? ते तुम्हाला येतं. तेच तिला शिकवा.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. आपल्याकडे कोणतं काम आहे, ताई कोण होणार आणि अर्धा तास कोणत्या वारी, ही तीन उत्तरं इतिवृत्तात लिहून झाली की मगच कॉलेजला पत्र पाठवा.