नटाची भाकरी आणि नटाचे मत



नटाचे चरित्र म्हटले की आपण त्याला मिळालेल्या टाळ्यांचा हिशेब मांडतो. आज आम्ही ज्याची हकीकत सांगणार आहोत, त्याच्या बाबतीत टाळ्या कशा थांबल्या हेच पाहिले पाहिजे.

फिलिप लोब हा अमेरिकन नट १८९१ साली फिलाडेल्फियास जन्मला. त्याची उमेद गेली ती न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर. १९३८ साली मार्क्स बंधूंच्या ‘रूम सर्व्हिस’ या बोलपटातही तो होता. नटांच्या संघटनेत तो हिरिरीने काम करी. तालमीच्या दिवसांचेही वेतन नटाला मिळावे म्हणून तो झटला. पुढे १९४९ साली गर्ट्रूड बर्ग या लेखिका-नटीची ‘द गोल्डबर्ग्ज’ ही कौटुंबिक मालिका दूरचित्रवाणीवर आली, आणि त्यातला ज्यू गृहस्थ जेक म्हणून लोब घरोघरी पोचला.

जून १९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. तीत १५१ कलावंत व लेखक-पत्रकारांची नावे कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयाने छापली होती. त्यांत लोबचे नाव होते. आपण त्या पक्षाचे सभासद नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. पण ऐकतो कोण? बर्गबाईंनी त्याला काढण्यास नकार दिला. तेव्हा १९५१ साली जाहिरातदार कंपनीने हात काढून घेतला आणि मालिका बंद पडली. १९५२ च्या आरंभी तडजोड होऊन लोब बाहेर पडला, आणि मालिका दुसऱ्या वाहिनीवरून, दुसऱ्या जेकसह, पुन्हा सुरू झाली. आजारी मुलाच्या उपचारांचा भार शिरावर आणि काम तर मिळेना. १ सप्टेंबर १९५५ रोजी त्याने न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात आपल्या जीविताचा अंत केला.

श्रोतेहो, येथे कोणत्याही न्यायाधीशाने शिक्षा ठोठावली नव्हती. आपल्या पैशाने कोणता खेळ चालवावा हे व्यापाऱ्याने ठरवावे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सारेच व्यापारी एकच यादी पाहून दार लावू लागले, की ती निवड राहत नाही. तो बहिष्कार होतो, आणि त्याविरुद्ध अपील करायला कचेरीही नसते. बरे, हे सारे चालले कोणाच्या नावाने? गिऱ्हाईक रागावेल या भीतीने. म्हणजे प्रेक्षकांच्याच नावाने! प्रेक्षकांना मात्र कोणी विचारले नव्हते.

१९७६ साली ‘द फ्रंट’ या चित्रपटात लोबचा मित्र झीरो मॉस्टेल याने अशाच एका नटाची भूमिका केली. मॉस्टेल स्वतःही त्या बहिष्कारातून गेलेला होता. पण मरणोत्तर सहानुभूतीने कोणाची चूल पेटत नाही. नटाचे मत आपल्याला पटो वा न पटो, त्याची भाकरी आपल्या नावाने कोणी हिरावू लागला, तर ‘आमचे नाव घेऊ नका’ एवढे वेळेवर सांगणे प्रेक्षकांच्या हाती आहे. तेवढे आपण करावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.