भरपाईच्या आधी सुनावणीची रीत



सोयाबीनच्या पिशवीवर किमान 70 टक्के उगवणशक्ती छापलेली असते. पेरल्यावर तासंच्या तासं रिकामी दिसतात. दुबार पेरणीला पुन्हा बी, पुन्हा मजुरी; आणि गेलेली वापशाची वेळ कोणी विकत देत नाही. मग आपण जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढतो. तिथे आपले ऐकले कसे जाते, एवढ्यावरच आज बोलायचे आहे.

शेतकरी ग्राहकच नाही, असा युक्तिवाद बियाणेवाले करीत आले. 2012 साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. तपासणीसाठी बी शिल्लक का ठेवले नाही, हा सवालही टिकला नाही. शेतकरी बी पेरायला घेतो, खटल्यासाठी जपायला नाही.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात रीत स्पष्ट आहे. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत कंपनीने उत्तर द्यायचे. फार तर आणखी 15 दिवस. जुन्या कायद्यातही हीच मुदत होती, आणि 45 दिवसांच्या पुढे ती वाढवता येत नाही असे मार्च 2020 मध्ये घटनापीठाने सांगितले. तक्रार 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. तारीख पुढे ढकलायची तर कारण लेखी नोंदवायचे. वकील लावण्याची सक्ती नाही.

मग घोडे अडते कुठे? तारखेत. तारीख वाढली तर कंपनीचे काही बिघडत नाही. आपली मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, पेरणी नाही तर काढणी खोळंबते. चार खेपांनंतर माणूस जायचे सोडतो आणि गैरहजेरीत तक्रार निघून जाते. असा निकाल बियाण्यावर लागत नाही, शेतकऱ्याच्या दमावर लागतो. म्हणून प्रत्येक तारखेला विचारा : उत्तराची मुदत संपली का? तारीख का वाढली? कारण रोजनाम्यात लिहिले का?

पण रीत एकट्या आपल्यासाठी नसते. तालुका तक्रार निवारण समिती पाहणीला येईल, तेव्हा कंपनीला आणि दुकानदाराला लेखी सूचना गेली का, हे आपणच बघायचे. काही जण म्हणतात, त्यांना कशाला बोलवायचे? भावांनो, समोरच्याला न बोलावता केलेला पंचनामा उलटतपासणीत टिकत नाही. आयोगात आपण जे मागतो ते बांधावर दुसऱ्याला नाकारता येणार नाही.

अहवालात नुसते ‘उगवण कमी’ लिहून भागत नाही. बी किती खोल पडले, ओल किती होती, पावसाने वर पापुद्रा धरला का, त्याच लॉटचे बी शेजाऱ्याकडे कसे उगवले, हे सारे लिहून घ्या. दोष बियाण्याचा की जमिनीचा, हे त्यावरच ठरते.

पिशवी, लेबल आणि पक्की पावती जपा. उगवण दिसताच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. आयोगात जायला मुदत 2 वर्षांची आहे. आणि प्रत्येक तालुक्याने दोन कार्यकर्ते नेमावेत, जे तक्रारदाराबरोबर प्रत्येक तारखेला उभे राहतील. नावे आजच या सभेत द्या.