ग्रहमाला गावच्या रस्त्यावर



प्राथमिक शाळेच्या भिंतीवर सूर्यमालेचे चित्र बहुधा असतेच. मध्यभागी पिवळा सूर्य आणि त्याच्याभोवती, जणू एकमेकांना खेटून, रंगीबेरंगी ग्रह. ग्रहांचा क्रम शिकविण्यास हे चित्र उपयुक्त आहे. परंतु आकार व अंतर या दोन्ही बाबतींत ते मुलांची दिशाभूल करते. यात चित्रकाराचा दोष नाही. दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणात कागदावर मावतच नाहीत. त्यासाठी गावचा रस्ताच हवा.

एक सेंटीमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर, असे प्रमाण धरावे. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे. म्हणून शाळेच्या भिंतीवर खडूने १ मीटर ३९ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. पृथ्वीचा व्यास १२,७५६ किलोमीटर. म्हणजे ती झाली सव्वा सेंटीमीटरची लहानशी गोटी. ही गोटी कोठे ठेवावी, असे मुलांना आधी विचारावे. बहुतेक मुले ती भिंतीजवळच ठेवतील. तिची खरी जागा आहे १५० मीटरवर, कदाचित शाळेच्या फाटकाबाहेर! चंद्र त्या गोटीपासून ३८ सेंटीमीटरवर ठेवलेला एक धणा. मानवाने १९६९ मध्ये प्रथम पाऊल ठेवले ते या धण्यावर.

बुध हा ज्वारीचा दाणा, भिंतीपासून ५८ मीटरवर. शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढाच, १०८ मीटरवर. मंगळ वाटाण्याएवढा, २२८ मीटरवर. येथपर्यंत मुले हसतखेळत येतात. पुढे मात्र चालावे लागते. गुरू हा मोठा नारळ, तो पाऊण किलोमीटरच्याही पुढे; त्याहून थोडा लहान शनी सुमारे १४०० मीटरवर. युरेनस आणि नेपच्यून ही दोन लिंबे: एक जवळजवळ तीन किलोमीटरवर, दुसरे साडेचार किलोमीटरवर, म्हणजे शेजारच्या गावच्या शिवारात. सूर्यप्रकाश पृथ्वीवर सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांत पोहोचतो; नेपच्यूनपर्यंत जाण्यास त्याला चार तासांहून अधिक वेळ लागतो. याच प्रमाणात सूर्याला सर्वांत जवळचा तारा ठेवायचा झाल्यास सुमारे ४०,००० किलोमीटर चालावे लागेल. पृथ्वीभोवती एक पूर्ण वेढा तेवढाच होतो.

ग्रह प्रत्यक्षात असे एका रांगेत उभे नसतात, प्रत्येक जण आपल्या गतीने फिरत असतो, हे येथेच सांगून टाकावे.

या पायपिटीतून आणखी काही गैरसमज दूर करता येतात. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, असे अनेक मोठ्या माणसांनाही वाटते. वास्तविक ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या आरंभी, ऐन थंडीत! त्या वेळचे आणि जुलैच्या आरंभीचे अंतर यांत सुमारे ५० लाख किलोमीटरचा फरक पडतो. रस्त्यावर तो अवघा पाच मीटरांचा. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. तसेच सूर्याजवळचा बुध सर्वांत उष्ण असेल, हा तर्कही चुकतो. शुक्राच्या दाट कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात उष्णता कोंडून राहते व त्याचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस असते. सायंकाळी वा पहाटे दिसणारी ‘शुक्राची चांदणी’ ती हीच.

घरी मुले नवग्रहांची नावे ऐकतात आणि शाळेत आठच ग्रह शिकतात. त्यांच्या या गोंधळाला उत्तर दिलेच पाहिजे. नवग्रहांत सूर्य हा तारा व चंद्र हा उपग्रह आहे. राहू आणि केतू या वस्तू नसून चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदतो ते दोन बिंदू आहेत. चंद्र-सूर्य त्यांच्याजवळ असतानाच ग्रहणे होतात. पृथ्वीचा मात्र त्या यादीत समावेश नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांतील नववा ग्रह प्लूटो हा २००६ पासून बटुग्रह गणला जातो. उपग्रहांची संख्या मात्र पाठ करून घेऊ नये. नवनवे शोध लागून ती वाढत असते.

ग्रामपंचायतीने मनात आणल्यास ही ग्रहमाला कायमची होऊ शकेल. रस्त्याच्या कडेला रंगविलेले आठ दगड पुरेत. प्रत्येकावर ग्रहाचे नाव आणि सूर्यापासूनचे खरे अंतर लिहावे. नेपच्यूनचा दगड शेजारच्या गावच्या हद्दीत गेला, तर तेथील शाळेलाही या कामात सामील करून घ्यावे.