भिंतीवर माणसं



गोदीत रात्रपाळीला मोठमोठे दिवे असतात. ते माल दिसावा म्हणून. माणूस दिसावा म्हणून तिथं कोणी दिवा लावत नाही. म्हणूनच बर्लिनमध्ये एकाने लावलेल्या दिव्याबद्दल आज बोलणार आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस, कलेच्या पंडितांची भाषा मला येत नाही. सांभाळून घ्या.

बर्लिनच्या मध्यावर शॉयनेनफिर्टेल नावाची वस्ती आहे. म्हणजे कोठारांची वस्ती. सतराव्या शतकात आगीच्या भीतीने शहराने आपली गवताची कोठारं तटाबाहेर काढली. 1737 साली राजाने फर्मान काढलं, की स्वतःचं घर नसलेल्या ज्यूंनी तिथंच राहायचं. तटाबाहेर म्हणजे काय, हे गावकुसाबाहेरच्या पोरांना मी काय सांगू! पुढे पूर्व युरोपातल्या कत्तलींतून पळालेले गरीब ज्यू तिथं आले. फेरीवाले, शिंपी, जुने कपडे विकणारे. बर्लिनमधले सुखवस्तू ज्यूदेखील त्यांना बघून नाक मुरडत. उतरंड तिथंही होतीच. 5 नोव्हेंबर 1923 ला, महागाईच्या आगडोंबात, जमावाने यांचीच दुकानं फोडली, यांनाच झोडपलं. 1933 ला हिटलर आला. मग छळछावण्या. वस्ती रिकामी झाली, घरं उभीच राहिली.

1991 साली शिमॉन ॲटी नावाचा ज्यू कलावंत अमेरिकेतून तिथं आला. रस्त्याने हिंडताना त्याला एकच प्रश्न पडला: इथली माणसं गेली कुठं? त्याने दप्तरखान्यांतून 1920-30 च्या दशकांतले फोटो शोधले, त्यांच्या स्लाइड केल्या आणि रात्री प्रोजेक्टरने त्याच घरांच्या पोपडे उडालेल्या भिंतींवर टाकल्या. आज आल्मश्टाटश्ट्रासे 43 म्हणतात ते घर पूर्वी ग्रेनाडिअरश्ट्रासे 7 होतं. रस्त्याचं नावही पुसलेलं! तिथं 1930 चं हिब्रू पुस्तकांचं दुकान पुन्हा उभं राहिलं. लीनिअनश्ट्रासे 137 वर 1920 ची पोलिसांची धाड. सत्तर वर्षांनी साले पोलीस पुन्हा त्याच वस्तीत हजर. सगळेच पत्ते तंतोतंत जुळत नव्हते, काही फोटो शेजारच्या भिंतीवर टाकावे लागले. ते त्याने लपवलं नाही.

उजेडाचा खेळ नाझींनाही येत होता. न्युरेनबर्गच्या मेळाव्यात आल्बर्ट श्पेअरने शंभरावर सर्चलाइट आभाळात सोडून उजेडाचे खांब उभे केले. खाली माणूस मुंगीएवढा. ॲटीच्या दिव्यात माणूस माणसाएवढा.

आता खरी गोष्ट. एके रात्री स्लाइड पडली तशी त्या घरातून एक माणूस ओरडत बाहेर आला. माझ्या बापाने हे घर 1938 साली ज्यू मालकाकडून रीतसर विकत घेतलंय, म्हणाला. कोणी विचारलं होतं त्याला? भिंतीवर नुसतं चित्र होतं. पण 1938 साली जर्मनीत ज्यूंकडून मातीमोलाने घरंदारं लिहून घेतली जात होती. आणि 1990 च्या कायद्याने हिटलरच्या काळात बळजबरीने गेलेली घरं वारसांना परत मागता येऊ लागली होती. म्हणून उजेड पडताच त्याला खरेदीखत आठवलं. ॲटीने विचारलं, त्या मालकाचं पुढं काय झालं? उत्तर मिळालं, तो कोट्यधीश होता, न्यूयॉर्कला गेला. दुसऱ्या एकाने तर पोलिसांनाच बोलावलं. भिंतीवर ज्यू दिसले तर शेजारी मलाच ज्यू समजतील, ही त्याची तक्रार!

माझं ॲटीशी भांडण इथंच आहे. एक-दोन रात्रींनी तो प्रोजेक्टर उचलून पुढच्या भिंतीकडे जाई. त्याने काढलेले फोटो आज संग्रहालयांत आहेत, आणि ती वस्ती महाग होऊन गॅलऱ्यांनी आणि हॉटेलांनी भरलीय. घर ज्याच्या ताब्यात होतं त्याच्याच ताब्यात राहिलं असेल, तर उजेडाने काय केलं? मी आठवडाभर रात्रपाळीत हाच विचार करतोय. एकदा वाटतं, काहीच नाही. मग तो धावत बाहेर आलेला माणूस आठवतो. पन्नास वर्षं त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

बोला, तुम्हाला काय वाटतं?