तारेची पारख

परवा माझ्या हातून एक अनर्थ व्हायचा राहिला. आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर मुद्रित करून ठेवल्या होत्या. आई आता नाही. फोन जुना झालेला, म्हणून ओव्या संगणकावर उतरवून घ्यायला बसलो. तार जोडली, चार्जिंगची खूण उमटली, परंतु संगणक काही फोनला ओळख देईना. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "सर, फोन रिसेट करून बघू." रिसेट म्हणजे सगळी पाटी कोरी! मी होकार देण्याच्या बेतात होतो, तोच भाचीने विचारलं, "मामा, केबल बदलून बघितलीस का?"

तार बदलली. फोनच्या पडद्यावर 'फाइल ट्रान्सफर' निवडलं (हेही करावं लागतं, बरं का) आणि ओव्या उतरल्या. पहिली तार टेबलावरच्या दिव्याबरोबर आलेली होती. साध्या यूएसबी तारेत चार धागे असतात: दोन विजेचे, दोन माहितीचे. स्वस्त तारेत पुष्कळदा माहितीचे दोन गाळलेलेच असतात. अशा तारेतून वीज जाते, अक्षर जात नाही. वरून पाहणाऱ्याला मात्र काही कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली सगळीकडे टाइप-सी आलं, मग घोळ कसला? युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना ते सक्तीचंही केलं. पण सारखं झालं ते तोंड. पोट निरनिराळंच राहिलं. फोनच्या खोक्यात मिळणारी सी-तार बहुधा 480 मेगाबिट वेगाची, म्हणजे सन 2000 सालच्या यूएसबी 2.0 च्या मापाची असते. त्याच तोंडाची दुसरी तार 10 गिगाबिट वाहते, तिसरी 40. दहा गिगाबाइटचं चित्रीकरण पहिलीतून जायला कागदावरच्या हिशेबानेही पावणेतीन मिनिटं लागतात, दुसरीतून आठ सेकंद. प्रत्यक्षात दोन्हींना याहून अधिकच, आणि दोन्हीकडची यंत्रंही तेवढ्या वेगाची हवीत.

विजेचंही तसंच. सर्वसाधारण सी-तार तीन अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त 60 वॅट पेलते. फोनला हे रग्गड झालं. मोठ्या लॅपटॉपला पाच अँपिअरची तार लागते. तिच्या टोकात एक चिमुकली चिप असते; ती चार्जरला तारेची ताकद सांगते. चिप नसेल तर चार्जर तीन अँपिअरच्या पुढे जात नाही. म्हणून 100 वॅटचा चार्जर आणूनही लॅपटॉप सावकाश भरतो, आणि आपण बोल लावतो चार्जरला! 2021 पासून मर्यादा 240 वॅटवर गेली आहे.

खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला दोन आकडे विचारा, वॅट किती आणि गिगाबिट किती. 'फास्ट' या शब्दावर जाऊ नका. तो यांपैकी कशाबद्दल आहे हे खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. नुसत्या चार्जिंगसाठी दोन मीटरची तार चालेल. वेग हवा असेल तर आखूड घ्या.

त्या दिव्याच्या तारेला मी लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली आहे. दिव्यापुरती ती चांगलीच आहे.