तीनशें दहा दाण्यांतील एक

गणित शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. वैद्यकाशीं माझा संबंध रोग्यापुरताच. तेव्हां गर्भवती स्त्रीच्या रक्ततपासणीवर मी बोलावयास बसलों ह्याचें आपणांस नवल वाटेल. परंतु ह्या विषयांत वैद्यकाइतकीच गणिताचीही गरज पडते. आणि एक आंकडा नीट न कळल्यामुळें चांगलें शिकलेलें घर कसें हवालदिल होतें, हें मीं जवळून पाहिलें आहे.

माझी एक भाची जळगांवास दिली आहे. तिला तिसरा महिना संपत आला असतां डॉक्टरांनीं दोन तपासण्या करविल्या. एक सोनोग्राफी, तींत गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात. दुसरी रक्ताची, तिला दवाखान्यांत ‘डबल मार्कर’ म्हणतात. चार दिवसांनीं कागद हातीं आला. त्यावर लिहिलें होतें : डाउन सिंड्रोमचा धोका ३१० मध्यें १, आणि खालीं एकच शब्द, ‘मध्यम’. त्याच रात्रीं तिचा फोन आला. “मामा, हा आंकडा चांगला कीं वाईट, एवढेंच सांगा.”

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें मी धुळ्याहून निघालों. पारोळें गेलें, एरंडोल गेलें, तरी मला उत्तर सुचेना. त्या कागदांत ‘होय’ही नव्हतें आणि ‘नाहीं’ही नव्हतें, आणि तिला तर दोहोंपैकीं एक हवें होतें.

घरीं पोहोंचलों तों दिसलें कीं, तो एकच आंकडा प्रत्येकानें निरनिराळ्या प्रकारें वाचला होता. जांवईबापूंनीं तो शिक्षेसारखा वाचला होता. व्याह्यांनीं ‘मध्यम’ म्हणजे ‘किरकोळ’ असा अर्थ करून कागदाची घडी घातली होती. विहीणबाई म्हणाल्या, “आमच्या घराण्यांत असें कधीं कोणी झालें नाहीं.” वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनीं उच्चारला नाहीं; परंतु माझ्या भाचीनें तो ऐकला.

प्रथम ह्या अर्ध्या वाक्याचाच समाचार घेऊं. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रें असतात. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक आली म्हणजे मूल डाउन सिंड्रोम घेऊन जन्मतें. जॉन लँग्डन डाउन ह्या इंग्रज डॉक्टरानें १८६६ सालीं अशा मुलांचें वर्णन केलें. त्यामागें अधिक गुणसूत्र आहे हें मात्र १९५९ सालीं पॅरिस येथील संशोधकांनीं दाखवून दिलें. शंभरांतील सुमारें पंचाण्णव वेळां हें गुणसूत्र पेशी विभागतांना झालेल्या आकस्मिक चुकीनें येतें. तें सासरचें नव्हे आणि माहेरचेंही नव्हे. ग्रहण पाहिल्यानें किंवा डोहाळे न पुरविल्यानें तें येत नाहीं. थोड्या घरांत आईबापांपैकीं एकाच्या गुणसूत्रांतील अदलाबदल कारण असते. पण तीही कोणाचा दोष नव्हे. म्हणून ‘आमच्या घराण्यांत कोणी नाहीं’ ह्या वाक्यानें धीरही मिळत नाहीं आणि कोणावर ठपकाही ठेवतां येत नाहीं. आईचें वय वाढतें तसा संभव वाढतो, एवढें खरें. पंचविशींत तो सुमारें साडेबाराशांत एक, पस्तिशींत साडेतीनशांत एक आणि चाळिशींत शंभरांत एक असा धरतात.

आतां तपासणीकडे वळूं. इंग्रजींत तिला जें नांव आहे त्याचा आपल्या घरांतील अर्थ ‘चाळणी’. चाळणी निवाडा करीत नाहीं. कोणते दाणे हातीं घेऊन पाहावयाचे एवढेंच ती सांगते. समजा, दहा हजार गर्भवती स्त्रियांची ही तपासणी केली आणि त्यांतील बारा गर्भांत खरोखरच डाउन सिंड्रोम आहे. चाळणी चांगली असेल तर बारांपैकीं सुमारें दहा ती पकडील. परंतु त्याबरोबर निरोगी गर्भ असलेल्या सुमारें पांचशें स्त्रियांनाही ती थांबवून ठेवील. कारण शेंकडा पांच खोट्या हांका गृहीत धरूनच तिचीं भोकें पाडलेलीं असतात. म्हणजे ज्या पांचशें दहा घरांत ‘धोका अधिक’ असा कागद जातो, त्यांपैकीं पांचशें घरांत मूल त्या दृष्टीनें निरोगी असतें. आणि जे दोन गर्भ चाळणींतून निसटले, त्यांच्या घरीं ‘धोका कमी’ असा कागद गेलेला असतो. दोन्ही कागद संभवाचेच आहेत. निदानाचा त्यांत एकही नाहीं.

अधिक आणि कमी ह्यांच्या मध्यें रेघ कोठें ओढावयाची हें माणसांनीं ठरविलें आहे. पुष्कळ ठिकाणीं अडीचशांत एक ही रेघ धरतात आणि तेथून हजारांत एकपर्यंतच्या पट्ट्यास ‘मध्यम’ म्हणतात. माझी भाची ह्याच पट्ट्यांत सांपडली होती.

मीं विहीणबाईंकडे एक ताट आणि मूठभर दादर मागितली. खानदेशांतील श्रोत्यांना ही ज्वारी ठाऊकच आहे. त्यांनीं स्वतः तीनशें नऊ दाणे मोजून ताटांत पसरले आणि तीनशें दहावा म्हणून उडदाचा एक काळा दाणा टाकला. मी म्हणालों, “कागदावर लिहिलें आहे तें एवढेंच.” भाचीच्या वयाच्या स्त्रीचा संभव नुसत्या वयावरून सुमारें हजारांत एक असतो, तपासणीनें तो वाढून तीनशें दहांत एक झाला. वाढला हें लपविण्यांत अर्थ नव्हता. परंतु वाढूनही तो शेंकडा एक-तृतीयांशाहून कमीच राहिला. विहीणबाई बराच वेळ ताटाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “भाऊ, मोजणी तुमची खरी. पण डोळा उडदावरच जातो ना!”

श्रोतेहो, इतकीं वर्षें संभवाचें गणित शिकवूनही हें वाक्य मला सुचलें नव्हतें. अनिश्चिततेचें दुःख गणित समजल्यानें नाहींसें होत नाहीं. समजल्यानें एवढेंच होतें कीं, भीतीला तिच्या मापाचें वस्त्र मिळतें. ती घरभर पसरत नाहीं. त्यानंतर करावयाचें काय, हा प्रश्न विचारतां येतो.

आधीं कागद तपासावा. त्यावरील आईचें वय, वजन आणि गर्भाचे आठवडे बरोबर आहेत कीं नाहींत हें पाहावें. ही तपासणी अकरा आठवड्यांपासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतची असते. दिवस चुकले तर आंकडाही चुकतो. नंतर तीन मार्ग राहतात.

पहिला मार्ग, येथेंच थांबण्याचा. ज्या दांपत्यास मूल कसेंही असलें तरी हवेंच आहे, त्यानें पुढील तपासणी नाकारली तर तो त्याचा अधिकार आहे. पांचव्या महिन्यांतील सविस्तर सोनोग्राफी मात्र टाळूं नये, कारण अशा मुलांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या हृदयांत जन्मतः दोष असतो, आणि तो आधीं कळलेला बरा.

दुसरा मार्ग, आईच्या रक्तांत मिसळलेले गर्भाचे डीएनएचे कण तपासण्याचा. हे कण आईच्या रक्तांत असतात हें १९९७ सालीं डेनिस लो ह्यांनीं दाखविलें आणि २०११ पासून ही तपासणी व्यवहारांत आली. दहाव्या आठवड्यानंतर ती करतां येते. ती शंभरांतील नव्याण्णव बाधित गर्भ ओळखते आणि खोटी हांक हजारांत एखादीच देते. तथापि, हीही चाळणीच. फक्त बारीक भोकांची. तिनें ‘आहे’ म्हटलें तरी तेवढ्यावर कोणताही अखेरचा निर्णय घेऊं नये. कधीं कधीं कण पुरेसे न मिळाल्यानें उत्तरच येत नाहीं व रक्त पुन्हां द्यावें लागतें.

तिसरा मार्ग सुईचा. अकराव्या आठवड्यानंतर वारेचा सूक्ष्म तुकडा किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून गुणसूत्रें प्रत्यक्ष तपासतात. खरें निदान हेंच. त्यांत गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो. पूर्वीं तो शंभरांत एक सांगत, पण अनुभवी हातीं तो त्याहून पुष्कळ कमी असल्याचें अलीकडे आढळलें आहे. त्यासाठीं नाशिक, पुणें किंवा मुंबई गांठावी लागली, तर जाण्यायेण्याचे दिवसही हिशेबांत धरावे. आणि पेशी वाढवून संपूर्ण गुणसूत्रें पाहावयाचीं तर अहवालास दोन-तीन आठवडे लागतात.

दिवसांचा हिशेब मी मुद्दाम सांगतों. फेब्रुवारी २०१७ मध्यें महाराष्ट्रांतील एका ३७ वर्षांच्या स्त्रीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें होता. गर्भास डाउन सिंड्रोम असल्याचें कळलें होतें. पण गर्भ २६ आठवड्यांचा झाला होता. आईच्या जिवास धोका नाहीं असा वैद्यकीय मंडळाचा अहवाल आला आणि गर्भपाताची परवानगी मिळाली नाहीं. २०२१ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. आतां २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचें मत पुरतें. २० ते २४ आठवड्यांत, नियमांत दिलेल्या कारणांसाठीं, दोघांचें लागतें. आणि त्यापुढें गर्भांत गंभीर दोष असल्याचें वैद्यकीय मंडळानें ठरवावें लागतें. ज्यास थांबावयाचें आहे त्यानें विचार करून थांबावें. पण ‘पुढच्या महिन्यांत पाहूं’ असें म्हणणाऱ्याचा निर्णय पंचांगच घेऊन टाकतें.

आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्यास लाज वाटून सांगावी लागते. हीच सोनोग्राफी आणि हीच गर्भजलाची सुई मुलगी ओळखून नाहींशी करण्यासाठीं वापरली गेली. म्हणूनच महाराष्ट्रानें १९८८ सालीं, देशांत प्रथम, ह्याविरुद्ध कायदा केला; १९९४ सालीं तो देशासाठीं झाला. तरीही २०११ च्या जनगणनेंत जळगांव जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलांमागें ८४२ मुलीच उरल्या होत्या. २००१ सालीं त्या ८८० होत्या. गुणसूत्रांच्या दोषाची तपासणी कायद्यानें मान्य आहे. तिच्या आडून मुलगा कीं मुलगी हें विचारणें हा गुन्हा आहे. ज्या घरांत हा प्रश्न निघेल, तेथें सुनेनें तपासणीस भिणें साहजिकच आहे.

कोणतीही तपासणी एक गोष्ट सांगूं शकत नाहीं. अधिक गुणसूत्र आहे कीं नाहीं हें ती सांगेल. तें मूल कसें हंसेल, किती शिकेल, हें सांगणार नाहीं. अशा मुलांची बुद्धि मंदगतीनें वाढते, पण किती मंद हें प्रत्येकाचें वेगळें. विकसित देशांत आज अशीं माणसें साठीच्या आसपास जगतात. आपल्याकडे २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत डाउन सिंड्रोमचा समावेश आहे व लवकर उपचारासाठीं जिल्हा पातळीवर केंद्रांची योजना आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेंत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. निर्णय ‘हो’ असो कीं ‘नाहीं’ असो, ही बाजूही जाणूनच तो घेतला जावा.

माझ्या भाचीनें दुसरा मार्ग निवडला. मीं सुचविलेला नव्हे. तिनें आणि तिच्या यजमानांनीं रात्रीं बसून ठरविलेला. रक्त बाहेरगांवीं गेलें आणि दहा दिवसांची वाट सुरूं झाली. त्या दहा दिवसांत त्या घरानें तीन नियम पाळले. विषय दिवसांतून एकदांच, जेवणानंतर निघावयाचा. शेजारीं कोणास सांगावयाचें तें तिनेंच ठरवावयाचें. आणि ‘तुझ्यामुळें’ हा शब्द कोणी उच्चारावयाचा नाहीं. हा तिसरा नियम विहीणबाईंनीं घातला.

तपासणीचा निकाल काय आला, हें मी सांगणार नाहीं. तो तिचा आहे. शिवाय तो सांगितला, तर आपण त्या दहा दिवसांची किंमत निकालावरून कराल. आणि तशी ती करूं नये. निकाल कोणताही आला असता, तरी त्या घरांत ती एकटी पडली नसती. तीनशें दहांतील एक दाणा कोणाच्या ताटांत पडेल हें गणितास सांगतां येत नाहीं. ज्याच्या ताटांत पडेल त्याच्याजवळ बसावयाचें कीं उठून जावयाचें, एवढें मात्र आपल्या हातीं आहे.