चार आण्यांची पावती



एखाद्या संस्थेचे म्हणणे आपल्याला पटते. तिच्या खटपटीचे फळ वर्गणी न भरणाऱ्यालाही मिळणारच असते. मग पदरचे पैसे देऊन माणूस तिचा सभासद का होतो बरे? शिक्षकबंधूंनी वर्गात जरूर विचारावा असा हा प्रश्न आहे.

काँग्रेसचेच उदाहरण घ्या. १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तिची नवी घटना मंजूर झाली आणि सभासदाची वर्गणी वर्षाला चार आणे ठरली. आता स्वराज्य काय पावती पाहून वाटले जाणार होते? चार आणे न देणारा शेजारीही तितकाच स्वतंत्र होणार होता! तरी १९२१ साली लक्षावधी लोकांनी ते दिले.

याचे एक कारण मोजदादीचे. १८८८ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी इथल्या सुशिक्षितांना अतिसूक्ष्म अल्पसंख्य म्हणून हिणवले होते. अशा बोलण्याला भाषणाने उत्तर देऊन भागत नाही, नोंदवही दाखवावी लागते. म्हणून बेजवाड्याच्या बैठकीत ठरले, ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी सभासद करायचे आणि टिळक स्वराज्य फंडाला एक कोटी रुपये जमवायचे. रुपये जमले, सभासद मात्र तेवढे झाले नाहीत. पैसा गोळा करण्यापेक्षा माणूस नोंदवणे कठीण, ते असे.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. शेतकऱ्याचे नाव तोवर कुठे लिहिलेले असायचे? सावकाराच्या वहीत, नाहीतर तलाठ्याच्या दप्तरात. दोन्हीकडे देणेकरी म्हणून! आता ओळखीचाच कुणी दारात येऊन विचारी, "बाबा, तुमचं नाव लिहू का?" आपल्या मर्जीने लिहिलेले नाव, आणि वर प्रतिनिधी निवडायचा हक्क. चार आण्यांत हे काही थोडे नव्हे.

पुढे १९२४ साली बेळगावला, गांधीजींच्याच अध्यक्षतेखाली, चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत मागितले गेले. स्वतः कातायचे नसेल त्याने दुसऱ्याकडून कातवून द्यावे, अशी सवलतही होती. तरी सभासद झपाट्याने घटले आणि सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला चार आण्यांची वाट पुन्हा मोकळी करावी लागली. पण गांधीजींचा आग्रह अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पावती खिशात घालून वर्षभर स्वस्थ बसणारा सभासद संस्थेच्या काय उपयोगाचा?

तेव्हा मंडळी, तुमच्या गावात कुणी पावतीपुस्तक घेऊन आला, तर पैसे काढण्याआधी त्याला एवढेच विचारा: "सभासदांची पुढची बैठक कधी आणि कुठं?"